आवळणारा हात कोणाचा? (प्रस्तावना)

राखणीचा बकरा पडला की आमच्याकडे त्याचं रक्त टोपात धरतात. टोप चुलीमागे सावलीत सरकवून घरातली बाई वाटप करायला बसते. खोबरं-कांदा वाटून होईपर्यंत रक्त खरवसासारखं थिजलेलं असतं. आणखी तासाभराने पाहिलं, तर ती लाल वडी कडेपासून सुटून आत ओढली गेलेली दिसते आणि तिच्याभोवती पिवळसर पाणी साचलेलं असतं, दह्यावर येतं तसं. ती निवळ ओतून टाकतात, वडीचे तुकडे करतात आणि रक्ती शिजायला पडते.

या पुस्तिकेची गोष्ट त्या ओतून टाकलेल्या निवळीत सुरू होते.

ही निवळ म्हणजे सीरम. रक्त गोठू न देता त्यातल्या पेशी खाली बसवल्या, तर वर जे पाणी राहतं ते प्लाझ्मा. दोन्ही दिसायला जवळपास सारखी. फरक असा की प्लाझ्मा न गोठलेल्या रक्ताचा असतो आणि सीरम गोठून गेलेल्या रक्ताचं. एवढ्याशा फरकात काय दडलेलं असावं, असं कुणालाही वाटेल. पण १८६८ साली जर्मनीत लाइपझिगला कार्ल लुडविग आणि त्यांचे सहकारी श्मिट यांनी शरीराबाहेर काढलेल्या स्नायूतून घुसळून फायब्रिन काढलेलं रक्त सोडलं, तेव्हा त्याचा प्रवाह अडखळू लागला. स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जात होत्या. रक्त गोठताना त्यात काहीतरी नवं उतरतं आणि ते वाहिन्यांना आवळतं, एवढं पुढच्या काही दशकांत अनेकांच्या लक्षात आलं. कुणी त्याला एक नाव दिलं, कुणी दुसरं. पदार्थ मात्र कुणाच्याच हाती लागला नाही. ऐंशी वर्षं तो केवळ त्याच्या करणीवरून ओळखला जात होता.

ही पुस्तिका मी मुख्यतः आपल्या लांजा-राजापूर भागातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. ‘सेरोटोनिन’ हा शब्द त्यांना माहीत असतो. विचारलं की उत्तर येतं, ‘आनंदाचं रसायन’. मोबाइलवर तेवढंच येतं. हे रसायन रक्तातून, तेही खाटीकखान्यातल्या गुरांच्या रक्तातून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि त्याचं पहिलं ठाऊक झालेलं काम रक्तवाहिनी आवळणं हे होतं, असं सांगितलं की मुलं चकित होतात. नावातच ते लिहिलेलं आहे: ‘सेरो’ म्हणजे सीरम आणि ‘टोनिन’ म्हणजे ताण देणारं. आनंदाचा त्या नावात मागमूस नाही.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळं काढण्याचं काम. शोधाच्या कथा सांगताना आपण कल्पना सांगतो, क्षण सांगतो, बक्षीस सांगतो. गाळणं, आटवणं, पुन्हा विरघळवणं, पुन्हा तपासणं यावर कुणी थांबत नाही. मला तिथेच थांबायचं आहे, कारण आवळणारे हात रक्तात एकापेक्षा जास्त असतात. नाडी बारीक झाली, हातपाय गार पडले, रक्तदाब चढला, तर हे कुणाचं काम? अ‍ॅड्रेनालिनचं? अँजिओटेन्सिनचं? सेरोटोनिनचं? बाहेरून परिणाम सारखाच दिसतो. उतारा मात्र प्रत्येकाचा निराळा. पदार्थ वेगळा काढून त्याची ओळख पटवल्याशिवाय उतारा शोधता येत नाही. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास जनावरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन शुद्ध स्फटिकरूपात मिळवलं, तेव्हा आवळणारा एक हात ओळखीचा झाला. बाकीचे अंधारातच होते.

अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्व्हाइन पेज हे उच्च रक्तदाबाच्या मागे लागलेले डॉक्टर होते. रक्तदाब चढवणारा एक पदार्थ त्यांनी आणि हेल्मर यांनी १९४० च्या सुमारास दाखवला होता. त्याच वेळी अर्जेंटिनात ब्राउन-मेनेंदेझ यांच्या गटालाही तो सापडला. दोघांनी दिलेली दोन नावं पुढे एकत्र होऊन ‘अँजिओटेन्सिन’ झालं. त्या पदार्थाचा माग काढताना पेज यांना सीरममधला हा दुसरा आवळणारा पदार्थ सारखा आडवा येई. रक्ताचा नमुना जरा गोठला की चाचणी फसायची. म्हणजे पेज यांना सेरोटोनिन हवंच होतं असं नाही. ते वाटेतला काटा होतं. काटा बाजूला सारून पुढे जाता आलं असतं, बहुतेक जण तेच करत आले होते. पेज यांनी तो काढून हातात घेऊन पाहायचं ठरवलं. १९४६ मध्ये मॉरिस रॅपोर्ट हा जेमतेम सत्ताविशीचा रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याकडे आला, तेव्हा हे काम त्याच्या हाती दिलं. सोबत होत्या आर्डा ग्रीन. प्रथिनं शुद्ध करण्यात त्यांचा हात बसलेला होता. सेंट लुइसला कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी फॉस्फोरिलेज हे एन्झाइम स्फटिकरूपात मिळवलं होतं. शोधाच्या कथांत ग्रीनबाईंचं नाव बहुतेकदा उडतं, म्हणून ते इथे आवर्जून लिहितो.

पहिला प्रश्न असा, की जो पदार्थ दिसत नाही, ज्याला रंग नाही, वास नाही, तो कुठल्या भांड्यात गेला हे कळायचं कसं? सीरमचे दोन भाग केले, एक वर राहिला, एक खाली बसला, तर माल कशात आहे? इथे सशाचा कान उपयोगी पडला. ससा मेल्यावर त्याचा कान वेगळा करून त्याच्या धमनीत बारीक नळी बसवायची आणि मिठाचं पाणी ठरावीक दाबाने सोडायचं. दुसऱ्या बाजूने ते थेंब थेंब बाहेर पडतं. दवाखान्यात सलाइन लावलेल्या माणसाजवळ रात्र काढली असेल, तर थेंब मोजत बसणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्या नळीत तपासायच्या द्रावणाचा अंश टोचायचा. थेंब मंदावले, तर पदार्थ या भांड्यात आहे. तसेच पडत राहिले, तर दुसरं भांडं घ्यायचं. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीला हाच कान आणि हीच मोजदाद.

कच्चा माल गुरांच्या रक्ताचं सीरम, तेही शेकडो लिटर. लिटरमागे सापडणारा पदार्थ इतका नाममात्र, की हातात चिमूटभर यायची तर पिंपांनी सीरम लागणार. अशा कामाची रीत साधारण अशी: अल्कोहोल घालून प्रथिनांचा चोथा खाली बसवायचा, वरचं पाणी कमी दाबाखाली, जास्त आच न देता आटवायचं, राहिलेल्या राबातून एकेका द्रावकाने एकेक गोष्ट ओढून घ्यायची. उसाचा रस आटवणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की गूळ करणाऱ्याला सगळं हवं असतं आणि इथे जवळजवळ सगळं टाकायचं असतं. टाकताना चुकून माल टाकला, तर कित्येक दिवसांचं काम मोरीत जातं.

१९४८ मध्ये स्फटिक हाती आले. त्याच वर्षी रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते छापून जाहीर केलं आणि ‘सेरोटोनिन’ हे नाव रूढ झालं. पण स्फटिक मिळाला म्हणजे ओळख पटली असं नव्हे, आणि पुस्तिकेतलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण इथून पुढचं आहे. स्फटिक शुद्ध होता, तरी एकटा नव्हता. त्याच्यासोबत सल्फेट होतं आणि क्रिएटिनिनही होतं. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या लघवीत असतं तेच, किडनीच्या तपासणीच्या कागदावर ज्याचा आकडा येतो ते. सेरोटोनिन, क्रिएटिनिन आणि सल्फेट तिघं हातात हात घालून एकाच स्फटिकात बसले होते. स्फटिकातल्या कार्बन-नायट्रोजनचा हिशेब मांडताना त्यातला कुठला अणू कुणाच्या घरचा हे आधी कळायला हवं. ते उलगडून रॅपोर्टने १९४९ मध्ये रचना सुचवली: ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन. रेणुभार १७६, म्हणजे अगदीच लहान रेणू. पुढे दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत बांधून दाखवला आणि सुचवलेली रचना बरोबर ठरली. त्यानंतर गुरांच्या रक्ताची गरज उरली नाही. बाटलीतलं सेरोटोनिन जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊ लागलं आणि अभ्यासाला पूर आला.

या रेणूचा सांगाडा इंडोलचा. इंडोल हे नाव निळीवरून आलं, कारण निळीच्या रसायनातच तो पहिल्यांदा ओळखला गेला. मोगरा-जाईच्या वासातही थोडं इंडोल असतं. आपण जेवणातून ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल घेतो, शरीर त्याच्यावर दोन बदल करतं आणि सेरोटोनिन तयार होतं.

ते तयार होतं मुख्यतः आतड्यात. इटलीत व्हिट्टोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातल्या काही विशिष्ट पेशींमधून एक पदार्थ काढला आणि त्याला ‘एन्टेरामिन’ म्हटलं. तो आतड्याचे स्नायू आकुंचवत होता. अष्टपाद प्राण्याच्या लाळग्रंथीतही त्यांना तो सापडला. १९५२ मध्ये एर्स्पामेर आणि असेरो यांनी दाखवलं, की एन्टेरामिन आणि सेरोटोनिन एकच. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पोटात असतं. रक्त आतड्यावरून जाताना प्लेटलेट ते उचलून आपल्या पिशव्यांत भरून ठेवतात. जखम झाली, रक्त गोठू लागलं, की त्या पिशव्या रित्या होतात. टोपातल्या वडीभोवतीची निवळ आणि न गोठलेला प्लाझ्मा यांच्यातलं कोडं इथे सुटतं. एरवी प्लेटलेटमध्ये बंद असलेला माल गोठताना बाहेर सांडलेला असतो. तुटलेल्या शिरेचं तोंड आवळायला तो तिथे हवाच असतो.

मेंदूची गोष्ट यानंतरची. बेटी ट्वारोग ही तरुण संशोधक समुद्रकाठच्या खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या शिंपल्याच्या स्नायूवर काम करत होती. तो स्नायू एकदा आवळला की तासन् तास आवळलेलाच राहतो आणि सेरोटोनिनने सैल सुटतो. सशाचा कान आवळणारा पदार्थ शिंपल्याचा स्नायू सोडवतो, ही उलटापालट मुलांनी नीट लक्षात ठेवावी. पदार्थाचा स्वभाव ‘आवळणारा’ किंवा ‘सोडवणारा’ असा ठरलेला नसतो, तो जिथे जाऊन बसतो त्या जागेवर ठरतो. पुढे दुसऱ्या जातीच्या शिंपल्याचं हृदय तपासणीला वापरून ट्वारोग आणि पेज यांनी १९५३ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सेरोटोनिन आहे हे दाखवलं. ‘आनंदाचं रसायन’ ही ओळख तिथून, बऱ्याच वळणांनी, आली. ती साफ खोटी नाही, पण फार तोकडी आहे. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, दोघांमध्ये पडदा आहे. केळं खाल्लं की मन प्रसन्न होतं, कारण केळ्यात सेरोटोनिन असतं, असं सांगणारे संदेश फिरतात. केळ्यात ते असतं हे खरं, सालीत तर जास्तच. ते मेंदूत पोचत नाही एवढंच त्या संदेशात नसतं.

आपल्या रानाकडे आता वळू. शिमग्याच्या आगेमागे कुंपणावर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. त्यांच्यावरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो. १९५४ मध्ये त्या लवेत सेरोटोनिन सापडलं. खाज सुटते ती मुख्यतः तिच्यातल्या प्रथिन फोडणाऱ्या एन्झाइममुळे, पण हा रेणूही तिथे आहे. गांधीलमाशीच्या विषातही आहे. दंश करणाऱ्या कितीतरी जीवांनी आणि झाडांनी तो आपापल्या परीने हत्यार म्हणून बाळगला आहे.

सर्पगंधेची गोष्ट याहून मोठी. काही जण तिला अडकई म्हणतात. गुडघ्याएवढं झुडूप, एका पेरावर तीन पानं, लाल देठांची पांढरट-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळसर होणारी फळं आणि कडूजहर मूळ. साप चावल्यावर, वेड लागल्यावर, झोप येत नसेल तर ते देण्याची रीत देशभर जुनी. १९३१ मध्ये कलकत्त्याला सेन आणि बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग छापून मांडला. त्याच सुमारास दिल्लीत सिद्दिकी आडनावाच्या दोघा संशोधकांनी मुळातून अल्कलॉइड वेगळी काढली. आणि १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचं लक्ष त्या लेखाने वेधलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतलं मानाचं लॅस्कर पारितोषिक मिळालं.

दोन धागे १९५५ मध्ये एकमेकांना भेटले. अमेरिकेत ब्रॉडी, शोअर आणि प्लेचर यांना दिसलं, की रेसर्पिन दिल्यावर शरीरात साठवलेलं सेरोटोनिन बाहेर पडून जातं, कोठारं रिकामी होतात. आपल्याकडच्या रानात उगवणाऱ्या कडू मुळातलं द्रव्य आणि गुरांच्या रक्तातून काढलेला रेणू एकाच प्रयोगात समोरासमोर आले. लवकरच कळलं, की रेसर्पिन नॉरअ‍ॅड्रेनालिनची कोठारंही रिकामी करतं आणि रक्तदाब उतरतो तो मुख्यतः त्यामुळे. पुन्हा तोच प्रश्न, हात कोणाचा? दोन्ही पदार्थ आधीच वेगळे ओळखलेले होते म्हणून तो विचारता तरी आला. सर्पगंधा मात्र मुळासाठी उपटली गेल्याने रानात विरळ झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आज तिचं नाव आहे. दिसली तर उपटू नका, एवढी विनंती मी या पानावरूनच करतो.

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण विंचवावर आहे. विषय सेरोटोनिनचा असताना विंचू कशाला, असं हस्तलिखित वाचणाऱ्या मित्राने विचारलं. ते प्रकरण मी काढलं नाही, त्याचं कारण सांगतो.

आपल्याकडच्या तांबड्या विंचवाच्या विषाने माणूस मरतो तो वेदनेने नव्हे. विष मज्जातंतूंची टोकं उघडी पाडतं आणि अ‍ॅड्रेनालिन-नॉरअ‍ॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, घामाच्या धारा लागतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप करून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९७० च्या दशकात महाड भागात सरकारी आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर अशा रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसले, तासातासाला नाडी, दाब, श्वास टिपत राहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं निरीक्षण आलं. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. अ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिनीवर ज्या जागी बसून ती आवळतं, ती जागा ही गोळी अडवते. कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. हाफकिनचं विंचवावरचं प्रतिविषही आता सोबतीला आहे, आणि ते घोड्याच्या रक्तातून काढतात. जनावराच्या रक्ताचे उपकार इथेही आहेतच.

इथे आवळणारा हात सेरोटोनिनचा नव्हता. सेरोटोनिनवरचं औषध दिलं असतं, तर रोगी हाती लागला नसता. एकाच परिणामामागचे निरनिराळे पदार्थ कुणीतरी कुठेतरी सुटे करून, नाव लावून ठेवले होते, म्हणून महाडच्या डॉक्टरला नेमकी गोळी उचलता आली.

आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी वैशाखात शेजारचे काका पडक्या गडग्याचे चिरे उचलत होते. तिसऱ्या की चौथ्या चिऱ्याखाली विंचू होता. अंगठ्याला डंख बसला. उतरवणाऱ्याला बोलवा असं दोघं-तिघं म्हणाले. काकींनी कुणाचं ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. लांज्याला पोचेपर्यंत काकांचा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. तळवे विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखे गार होते, वैशाखातल्या दुपारी. डॉक्टरांनी दाब पाहिला, गोळी दिली, तीन तासांनी पुन्हा दिली. काकी रात्रभर दर थोड्या वेळाने पांघरुणात हात घालून तळवे चाचपत होत्या. पहाटे त्यांनी माझा हात धरला आणि काकांच्या पायावर नेऊन ठेवला. तळवे कोमट झाले होते.

लांजा